पांढरीची टेकाडे जेसीबीखाली जाण्याआधी नोंदवा

महोदय,

संगमनेरपासून नेवाशापर्यंत प्रवरेच्या काठाने जुन्या वस्त्यांची पांढरीची, म्हणजे मोडलेल्या वस्तीच्या राखट-पांढऱ्या मातीची टेकाडे आहेत. पूर्वी धाब्याच्या घरावर टाकायला किंवा शेतात विस्कटायला लोक बैलगाडीने चार खेपा पांढरी नेत. त्याने टेकाड संपत नसे. आता जेसीबी लावला की दिवसभरात ते सपाट होते आणि खापरे, हाडे, जळक्या चुलींची माती सगळे एकत्र डंपरमध्ये जाते.

हा काही आडवळणाचा प्रदेश नव्हे. ताम्रपाषाणयुगातील एका संपूर्ण संस्कृतीला आमच्या जोर्वे गावाचे नाव मिळाले. तिथे 1950-51 साली उत्खनन झाले. लाल रंगावर काळी नक्षी, बाजूला तोटी, अशी तिथली भांडी. प्रवरेकाठच्याच दायमाबादचे ब्राँझचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा 1974 साली सापडले ते झुडपाच्या बुंध्याशी खणणाऱ्या एका भिल्ल शेतकऱ्याला. चारही वस्तूंचे वजन मिळून साठ किलोंहून अधिक. म्हणजे पहिली नजर गावकऱ्याचीच असते.

आमच्या भागात काही शिक्षक, शेतकरी आणि कॉलेजची मुले सुटीच्या दिवशी अशा जागा पाहत फिरतात. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवायची, जागेचा गट क्रमांक लिहायचा, खापर होते तिथेच ठेवायचे, एवढी शिस्त ती पाळतात. खापर घरी आणून कपाटात मांडले की ते नुसते खापर उरते. कोणत्या थरात, कशाशेजारी होते, ही माहिती गेली ती गेलीच. खणायचे तर मुळीच नाही. ते काम परवानगी असलेल्या तज्ज्ञांचे.

वीरगळांची, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांची तर आणखी वेगळी तऱ्हा. एका गावात मारुतीच्या पाराला टेकवलेल्या वीरगळावर तळाला गाई आणि झुंजणारा वीर, मधे त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा असे कप्पे आहेत. जीर्णोद्धारात त्याला चकचकीत ऑइलपेंट फासला आणि माथ्यावरचे चंद्र-सूर्य बुजले. हे भक्तिभावानेच झाले, म्हणून कुणाला दोष देववत नाही. पण रंगाचा डबा उघडण्याआधी सांगणारे कुणीतरी गावात हवे होते.

जैवविविधता कायद्यामुळे गावोगाव स्थानिक वनस्पती-प्राण्यांच्या लोकजैवविविधता नोंदवह्या झाल्या. तशीच वारसा नोंदवही प्रत्येक ग्रामपंचायतीत ठेवावी. टेकाड, वीरगळ, सतीशिळा, गधेगळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारी शिळा), बारव यांची गट क्रमांकासह नोंद करून ती ग्रामसभेत वाचावी. माती उचलण्याचा परवाना देताना तहसील कार्यालयाने ही वही आधी पाहावी. स्वयंसेवकांना पुरातत्त्व विभागाने किंवा विद्यापीठांनी तालुक्याच्या ठिकाणी दोन-तीन दिवसांचे प्रशिक्षण दिले तरी पुष्कळ होईल. मोबदला कुणी मागत नाही. नांगरट झाल्यावर पहिला पाऊस पडला की खापरे धुऊन वर येतात, पाहणीला तो काळ सर्वांत सोयीचा. प्रशिक्षण त्याआधी उन्हाळ्यात व्हावे, ही विनंती.

— एक वाचक, ता. संगमनेर, जि. अहिल्यानगर