शाळेतल्या त्या पिरियडबद्दल, आई-बाबांना

ती. आई आणि बाबा,

सा. न. फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि स्पीकरवर टाकला की आई मधेच बांगडे काय भावाने मिळाले ते विचारते, म्हणून सगळं टाइप करून पाठवतेय. आई, तू वाचून दाखव, आणि मधे तुझं मत घालू नकोस, ते शेवटी सांग.

विषय तोच, तुमच्या नातवाच्या शाळेचा. शाळा चर्चची, अनुदान सरकारचं, वर्गात आपली हिंदू मुलं निम्म्याहून जास्त. आठवड्यातून एक पिरियड असा येतो की कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षणाला, एका खोलीत जातात आणि उरलेली मॉरल सायन्सला दुसऱ्या. आता काही पालकांनी अर्ज केलाय की मॉरल सायन्सच्या जागी आमच्या मुलांना गीता शिकवा. बाबा, तुम्ही लगेच म्हणालात की बरोबर आहे, त्यांना दोतोर्न (म्हणजे तो कॅटेकिझम) तर आपल्याला गीता का नको, आणि मी नको म्हटल्यावर "तू हल्ली फार शिकलीस" म्हणून फोन आईच्या हातात दिलात. म्हणून हे पत्र.

कायद्याचं आधी सांगून टाकते कारण तुमच्या ग्रुपवर काहीही फिरतंय. घटनेचं २८वं कलम म्हणतं की पूर्णपणे सरकारी पैशांवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. नुसतं अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेत देता येतं, पण पालकाच्या संमतीशिवाय मुलाला त्याला बसवता येत नाही. म्हणजे तुमच्या पेडण्याच्या सरकारी शाळेत गीतेचा तास चालला नसता आणि दोतोर्नही चालली नसती, आणि इथे संमती असेल तर दोन्ही चालू शकतं. त्यामुळे "कायदा फक्त त्यांच्या बाजूने" हा जो मेसेज तुम्ही फॉरवर्ड केला होता तो चुकीचा आहे, कृपया पुढे पाठवू नका. १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत यावर चर्चा झाली तेव्हा आंबेडकरांनी उदाहरणच लोकल बोर्डाच्या शाळेचं दिलं होतं, की तिथे बहुतेक मुलं हिंदू आहेत म्हणून हिंदू धर्माचं शिक्षण सुरू केलं तर सगळ्यांकडून घेतलेल्या कराचा पैसा एकाच समाजावर खर्च होईल. आणि २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेही सांगितलंय की मुलांना सगळ्या धर्मांची माहिती देणं हे त्या कलमात अडकत नाही. मला पाहिजे ते हेच दुसरं, पण त्यावर नंतर येते.

मला पहिला प्रश्न पडतो तो मुसलमान मुलांचा. आमच्या वर्गात आहेत ती. आज ती निदान आपल्या मुलांबरोबर मॉरल सायन्सला बसतात. गीता आली की त्यांच्यासाठी तिसरी खोली लागणार, आणि शाळेत फॅन चालू असलेल्या खोल्या किती आहेत ते मला माहीत आहे. तुमच्या नातवाने दुसरीत असताना विचारलं होतं की आपण कुठल्या खोलीतले. त्याआधी त्याला हा प्रश्नच नव्हता, तो आणि त्याच्या बाकावरचा मुलगा एकमेकांच्या टिफिनमधलं खायचे एवढंच. आता तो चौथीत आहे आणि त्या मुलाच्या कपाळावर राखेच्या बुधवारी राख का लावतात हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही, कारण ते शेजारच्या खोलीत शिकवतात.

आता गीता. बाबा, तुम्ही रोज एक अध्याय वाचता, सप्ताहात तुमचा अभंग लागला की लोक गप्प होतात, तुम्हाला मी काय सांगणार. पण शाळेत आली की तिचं काय होतं ते तुम्ही मास्तर म्हणून बघा ना जरा. गुजरातने २०२२ मध्ये सहावी ते बारावीला गीता आणायचं जाहीर केलं तेव्हा तुम्ही खूश झाला होता, पण शाळेत कुठलीही गोष्ट आली की तिचे मार्क ठरतात, रिकाम्या जागा भरा येतं, जोड्या लावा येतं, कोणीतरी गाइड छापतं. शिकवणार कोण? ज्या टीचरचा तास मोकळा असेल ती. अर्जुनाला लढायला का सांगितलं असं एखाद्या पोराने विचारलं तर ती म्हणणार, सिलॅबसमध्ये नाही, श्लोक पाठ कर.

आणि आपला धर्म म्हणजे नेमकं काय हे ठरवणार कोण, हेही आहेच. आपली ग्रामदेवी सातेरी म्हणजे वारूळ. रवळनाथाला कौल लावल्याशिवाय आपल्या घरात लग्न ठरत नाही, जागेवाल्याला, जागा राखणाऱ्या देवाला, रोट दिल्याशिवाय काजूच्या भाटात (बागेत) कोणी कामाला उतरत नाही, शिगम्याला मांडावर पहिलं गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं, कोण घालणार ते घराण्याने ठरलेलं. यातलं एक अक्षर तरी छापील पुस्तकात येईल का? आई, तू दर वर्षी म्हापशाच्या फेस्ताला मिलाग्रिस सायबिणीला, म्हणजे चर्चमधल्या मेरीमातेला, तेल वाहायला जातेस, ती आपल्या शिरगावच्या लईराई देवीची बहीण म्हणून. हे गीतेच्या तासाला शिकवणार नाहीत आणि मला वाटत नाही कॅटेकिझमच्या खोलीतही कोणी शिकवेल. मग तुझा नातू घरी येऊन तुलाच सांगायचा की आजी, तू करतेस ते बरोबर नाही. हसू नकोस, असं होतं, पुस्तकात छापलेलं पोरांना आजीपेक्षा खरं वाटतं.

बाबा म्हणतील की मग पोरांना धर्म कळणार कसा. यावर मी खरंच खूप विचार केलाय. मी राहते त्या मडगावचंच बघा. जुनी काबिजाद, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेला भाग, इथली देवळं पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकातच पाडली, दामोदर देवाचं ठिकाण इथून जांबावलीला गेलं. १५६० ला इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं ते मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत होतं. राज्याचा धर्म एक, शाळा त्याच धर्माच्या हातात. हिंदू पोरांना त्यांच्या देवाबद्दल शाळेत शिकवणारं कोणी नव्हतं, पिरियड नव्हता, पुस्तक नव्हतं. आणि तरी आजही शिशिरात गुलाल खेळायला मडगावकर जांबावलीला जातात. मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा, सगळी फोंड्याकडे गेली आणि त्यांच्या मागे माणसं गेली ती अजून जातायत. हे सगळं घरांनी टिकवलं, बायकांनी टिकवलं, सरकारी टाइमटेबलने टिकवलं नाही. तुम्ही म्हणाल पेडणे नव्या काबिजादीत, नंतर जिंकलेल्या भागात, आमच्याकडे देवळांना हात लागला नाही. मान्य, पण तिथेही सरकारी नोकरीत आणि हक्कांत बरोबरी आली ती १९१० मध्ये पोर्तुगालात राजा जाऊन रिपब्लिक आल्यावर, जेव्हा राज्याने चर्चशी नातं तोडलं तेव्हा. त्यानंतर आपली माणसं जोरात शाळा काढायला लागली. राज्य धर्मातून बाजूला झालं याचा सगळ्यात जास्त फायदा गोव्यात कोणाला झाला असेल तर तो आपल्याला झालाय, आणि आता आपणच त्याला परत वर्गात बोलवायला निघालोय!

चर्चच्या शाळांनी फक्त वाईटच केलं असं मी म्हणत नाही हां. गावागावातल्या पॅरिश शाळांत पोरांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवलं, आणि पुढे त्यातूनच मुंबईच्या सिनेमातले ऑर्केस्ट्रे उभे राहिले. तुमच्या रेडिओवरच्या जुन्या गाण्यांमागे जी व्हायोलिनं ऐकू येतात त्यात आपले गोंयकार भरपूर होते. पण ती मुलं मुळात चर्चमध्ये गायला म्हणून शिकत होती आणि ज्यांना चर्चमध्ये गायचं नव्हतं त्यांना ते मिळालं नाही, हेही तितकंच खरं.

आता एक नाजूक. तुमच्या शाळेतली सरस्वतीपूजा. मला ती अजून प्रचंड आवडते, पाटीवर काढलेली सरस्वती, झेंडूच्या माळा, चुरमुरे-खोबऱ्याचा प्रसाद, आरतीला तुमचा आवाज. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, कॅथलिक मुलगा आमच्याच वर्गात होता, तो सगळ्यात जास्त फुलं आणायचा आणि आरतीला टाळ त्याच्याकडेच असायचा. वाईट काही झालं असं मला वाटत नाही आणि त्यालाही वाटत नसेल, परवा भेटला होता तर पहिला तुमच्याबद्दल विचारलं. पण त्याला किंवा त्याच्या आईला चालेल का हे कोणी विचारलं नव्हतं, कारण मास्तर तुम्ही होता आणि तुम्हाला गावात नाही कोण म्हणणार. तुम्ही चांगले म्हणून ते चांगलं झालं. उद्या तुमच्या जागी दुसरा कोणी असेल आणि त्याला पूजेपेक्षा हजेरी कोणाची आहे त्यात जास्त रस असेल तर? नियम चांगल्या मास्तरासाठी लागत नाही ना.

मला काय पाहिजे ते सांगते. दोन खोल्या बंद करा आणि एकच करा. त्यात महिन्याला एक गोष्ट घ्या, चवथीची माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळापानांची चौकट) आणा आणि त्यातली रानातली फळं ओळखायला लावा, रोजा कसा धरतात ते मुसलमान मुलांच्या आईला येऊन सांगू दे, फादरनी येऊन तीन डिसेंबरच्या सेंट झेवियरच्या फेस्ताबद्दल बोलावं, आणि वरच्या वर्गांना १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाद्री मारले गेले आणि मग पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना मारलं तेही सांगा, देवळाच्या गाभाऱ्यात कोण जाऊ शकतं आणि कोण नाही तेही सांगा. मार्क नको, प्रार्थना नको, पाठांतर नको. कॅथलिक पालकांना कॅटेकिझम पाहिजे तर रविवारी चर्चमध्ये असतंच की.

हे सोपं नाही हे मला माहीत आहे. २०२३ मध्ये आपल्याच गोव्यात, वास्कोच्या बाजूच्या एका शाळेने मुलांना मशीद दाखवायला नेलं तर केवढा गोंधळ झाला आणि प्रिन्सिपलना सस्पेंड केलं, तुम्ही पेपरात वाचलं असेल. नुसती आत जाऊन बघितली तर एवढं. त्यामुळे कुठलाही हेडमास्तर म्हणणार की बाई, दोन खोल्याच बऱ्या, निदान तक्रार येत नाही. मला त्याचाही राग येत नाही, त्याची नोकरी आहे.

राहिलं तुमचं मनातलं, जे तुम्ही बोलला नाहीत पण मला कळतं, की मडगावच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या ह्या पोराला हरिपाठ येत नाही, गाऱ्हाणं कळत नाही. ते खरं आहे, आम्ही दोघं नोकरीला, संध्याकाळी दिवा लावते तोही कधी राहतो. पण ते काम शाळेतल्या टीचरला देऊन होणार नाही बाबा, ते तुम्हालाच करायला पाहिजे. मे महिन्यात तो पूर्ण सुट्टी तुमच्याकडे येईल, मोबाइल मी काढून ठेवते, त्याला भजनाला न्या, पेटीवर बसवा, कंटाळला तर कंटाळू दे.

शनिवारी पालकसभा आहे आणि मी वेगळा अर्ज देणार आहे, खाली चिकटवलाय. मत पटलं नाही तरी चालेल, पण शुद्धलेखन बघून द्या, "धार्मिक"ची वेलांटी माझी नेहमी चुकते आणि त्या सभेत तुमचे दोन विद्यार्थी पालक म्हणून बसतात, ते आधी तेच बघतील. आणि आई, सोलं संपलीत, येणाऱ्या कोणाकडे तरी पाठव.

तुमची,
बाय