शनिवारच्या मुलींच्या भेटीबाबत

सभासद मंडळी,
शनिवारी सातवी-आठवीच्या मुली संग्रहालय पाहायला येत आहेत. दहा-बारा जणींमागे एक मार्गदर्शक हवा; जास्त झाल्या की मागच्यांना नुसत्या पाठी दिसतात. सगळी दालने पळवत दाखवू नका, चार वस्तू पुरेत.

जात्याच्या पाटीवर फक्त ‘जाते, दगडी’ आहे, दळणारी बाई गायब! खाली ‘घरोट’ हा आपला खानदेशी शब्द लिहा. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) लिहा-वाचायला शिकल्या नव्हत्या, तरी कामे करता करता ओव्या रचत, हे तिथेच सांगा. पाटी जमिनीपासून साधारण चार फुटांवर लावा.

पितळी वस्तूंना हात नको, घामातल्या क्षारांनी डाग पडतात. हाताळायला घरचे जुने सूप, रवी आणा. प्रश्न विचारल्यावर दहा सेकंद थांबा, उत्तर स्वतःच देऊन टाकू नका. स्वच्छतागृहाची किल्ली आदल्या दिवशीच घ्या.