किल्ल्याचा फोटो मावळ्याच्या उंचीवरून काढा

महोदय,

दिवाळीत वाचकांच्या घरच्या किल्ल्यांचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. मुलांनी माती कालवून उभे केलेले बुरूज त्यांत असतात, पण जवळपास प्रत्येक फोटो उभ्याने, वरून खाली काढलेला असतो. त्या कोनातून राजगडाचाही ढिगारा होतो आणि कडेला स्कूटरचे चाक दिसते. फोन उलटा धरून लेन्स जमिनीलगत, मावळ्याच्या छातीच्या उंचीवर आणली की तट आभाळाला भिडतो आणि मागचे बरेचसे झाकले जाते.

तिथून पाहिले की प्रमाणातल्या चुका उघड्या पडतात. मावळा तीन इंचांचा आणि माणूस साडेपाच फुटांचा धरला, तर प्रमाण १:२२ येते. म्हणजे मातीतला अर्ध्या सेंटीमीटरचा खडा त्याच्यापुढे ११ सेंटीमीटरचा धोंडा होतो. म्हणून चौकटीत येणारी माती तरी पिठाच्या चाळणीने चाळून पसरावी. अळीव दोन इंच वाढले की गवत मावळ्याच्या छातीला लागते. फोटो अळीव नुकते फुटल्यावरच काढावा. मावळ्याची बैठक मातीत पुरावी, नाहीतर तो खेळणेच दिसतो.

रायगडाच्या महादरवाजाचा मोठा बुरूज ७५ फूट उंच सांगतात. या प्रमाणात तो जवळजवळ साडेतीन फुटांचा करावा लागेल, आणि अंगणात तेवढा कोणी करत नाही. त्यावर उपाय आहे: मोठे मावळे पुढे, लेन्सजवळ ठेवावेत आणि एक इंची मावळे मागे बुरुजावर. नजर फसते, बुरूज तिप्पट उंच वाटतो. मधली जागा मात्र तटाच्या वळणाने झाकावी, नाहीतर लहान मावळे लहानच आहेत हे कळते.

बऱ्याच फोनची मुख्य लेन्स १०-१५ सेंटीमीटरच्या आत फोकस करत नाही. जवळ जाण्याच्या हट्टाने मावळा धूसर येतो. थोडे मागे सरून फोटो काढावा आणि नंतर कडा कातराव्यात. पोर्ट्रेट मोड बंद ठेवावा, तो भाल्याचे टोक खाऊन टाकतो. कॅमेरा असेल तर लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८ ते एफ/११ ठेवून चेहऱ्यावर फोकस करावा; आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान. छिद्र पूर्ण उघडले तर नाक स्पष्ट आणि ढाल पुसट होते. एफ/१६ च्या पुढे सगळेच मऊ पडते.

फ्लॅश नकोच. ऑइल पेंटवर त्याचे पांढरे ठिपके उमटतात. सकाळचे तिरपे ऊन सर्वांत चांगले, कारण लांब सावल्यांनी तटाचे दगड उठून दिसतात. रात्री पणती चौकटीत ठेवू नये: अडीच इंचांची पणती त्या जगात साडेचार फुटांची कढई होते. ती तटामागे लपवावी, फोन विटेला टेकवावा, दोन सेकंदांचा टायमर लावावा आणि एक्स्पोजर (फोटोचा उजेड) थोडे उतरवावे. धुक्यासाठी उदबत्तीचा धूर पुरतो. त्यावर प्रकाश मागून पडला पाहिजे, पुढून टाकला तर धूर दिसतच नाही.

यंदा किल्ल्यांचे फोटो मागवताना संपूर्ण किल्ल्याच्या फोटोबरोबर मावळ्याच्या उंचीवरून काढलेला एक फोटोही आपण मागावा. तो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवण्याची सूचना द्यावी. नेहमीसारखा पाठवला तर आकार घटतो आणि छपाईत मावळ्यांचे चेहरे हरवतात.

– एक वाचक, पुणे