माळ्यावरची पेटी

मेलबर्न,
८ जुलै २०२५

प्रिय आत्या,
सा. न.

हे पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहितेय. मोबाइलवर वाचलं की डोळ्यांतून पाणी येतं म्हणालीस, आणि बाबांना वाचून दाखवायला सांगितलं की ते मधलं मधलं गाळतात. तेव्हा हे तुझं तूच वाच. पोचेपर्यंत तिकडे श्रावण लागलेला असेल. गुडघा कसा आहे? तेल लावतेस की बाटली नुसती उशाशी ठेवतेस?

माझं नेहमीचंच चाललंय. या महिन्यात सगळ्या नाइट ड्युट्या आल्यात. सकाळी सातला सुटते तेव्हा बाहेर अंधारच असतो, कारण जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा, उजाडायला साडेसात वाजतात. बस डोळ्यांदेखत निघून गेली (आठवड्यातून दोनदा जातेच) की मी पुढच्या स्टॉपपर्यंत समुद्राच्या कडेनं चालत जाते. लोकल सँडरिंगहॅमला संपते, त्याच्याही पुढचा हा भाग. गावाचं नाव लिहिताना वेगळंच दिसतं, म्हणतात मात्र बोमॉरिस. किनारा म्हणजे आपल्या गुहागरसारखी लांबलचक वाळू नव्हे, तांबूस मातीचे कडे आणि खाली लहान लहान पुळणी.

या वाटेवर नगरपालिकेनं जागोजागी फलक लावलेत. कुणा चित्रकारानं जिथे उभं राहून चित्र काढलं, साधारण तिथेच त्या चित्राची प्रत. दोन वर्षं मी ते फलक न वाचता पुढे जात होते. महिन्यापूर्वी एकापाशी बुटाची नाडी बांधायला वाकले आणि वर बघितलं तर फलकावर आणि फलकामागे एकच गोष्ट. राखाडी पाणी, राखाडी आभाळ, मध्ये कुठेतरी कडा विरघळलेला. आत्या, त्यात रेघ अशी एकही नव्हती. मला पहिल्यांदा काय आठवलं असेल? तुझं ते "डोळे किलकिले कर आणि बघ गं! आधी काळोख कुठे आहे ते शोध, पानं नंतर मोज." एलिमेंटरीच्या परीक्षेआधी माझ्या हातातलं खोडरबर काढून घेतलं होतंस, ते मी अजून विसरलेले नाही.

चित्रावर नाव होतं क्लॅरिस बेकेट. मग मी तिच्या मागेच लागले. लायब्ररीतून पुस्तकं आणली, सुट्टीच्या दिवशी गावातल्या मोठ्या गॅलरीत जाऊन आले. आज तुला तिच्याबद्दलच लिहायचंय. काल तिला जाऊन बरोबर ९० वर्षं झाली.

जन्म १८८७ चा, कॅस्टरटन नावाच्या आडगावातला. वडील बँकेत मॅनेजर. घर खाऊनपिऊन सुखी, म्हणजे पोरीनं चित्रं काढली तर कौतुक, पण पोटापाण्याचा प्रश्न नाही म्हणून ते कुणी मनावरही घेत नाही, त्यातलं. मेलबर्नच्या नॅशनल गॅलरीच्या चित्रशाळेत ती दाखल झाली तेव्हा २७ वर्षांची होती, धाकटी बहीण हिल्डाही सोबत. तिथे फ्रेडरिक मकबिन शिकवायचे, इथल्या शाळेच्या पुस्तकांत ज्यांची चित्रं असतात ते. त्यानंतर १९१७ मध्ये ती मॅक्स मेल्ड्रमच्या वर्गाला गेली. हे मास्तर अगदी तुझ्या पंथाचे. आधी रेखाटन करून मग रंग भरायचा हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं. समोर बघ, डोळ्याला सगळ्यात आधी जो उजेड-काळोख जाणवतो तो आधी लाव, मग त्याच्या खालोखालचा. टोन पहिला, बाकीचं मागून. तिच्यासारख्या सगळ्यांच्या कामाला त्यावरून नावही पडलं, टोनलिझम. ती त्यांच्याकडे जेमतेम नऊ महिने होती. तेवढ्यावर पुढची अठरा वर्षं तिनं स्वतःच्या हिकमतीवर काढली.

मास्तरांचं एक सांगते, म्हणजे त्यांना फार डोक्यावर घ्यायला नको. पुढे नोरा हायसन नावाच्या चित्रकर्तीला इथलं मोठं आर्चिबाल्ड पारितोषिक मिळालं, ते मिळवणारी ती पहिलीच बाई. तेव्हा हेच मेल्ड्रम पेपरात बोलले की बायकांनी पुरुषांच्या बरोबरीनं काम करावं ही अपेक्षाच वेडेपणाची. आणि पुढच्याच वर्षी ते पारितोषिक त्यांनी स्वतः घेतलं! क्लॅरिस तोवर गेलेली होती.

१९१९ च्या सुमाराला आईवडील बोमॉरिसला राहायला आले. दोघांच्या तब्येती नरम, हिल्डाचं लग्न झालं, मग त्यांचं करायला राहिलं कोण? स्वयंपाक, औषधं, घरदार, सगळं क्लॅरिसकडे. दिवस घरच्यांचा, त्यामुळे चित्रांना उरला उजाडायच्या आधीचा तास आणि संध्याकाळ. चाकांच्या एका छोट्या गाडीत बोर्ड आणि रंग भरून ती गाडी ओढत समुद्रावर जायची. मी ड्युटीवरून सुटते ती तिची वेळ. म्हणून तर तिच्या चित्रांत टळटळीत दुपार फारशी सापडत नाही. पहाटेचं धुकं, दिवेलागण, पावसानं ओला रस्ता. टीकाकार नाकं मुरडायचे की या बाईला धुक्याशिवाय काही दिसत नाही. त्यातल्या एकानं तरी तिच्या घरचा चुलीचा वेळ विचारायला हवा होता.

तिनं वडलांकडे स्टुडिओसाठी जागा मागितली. ते म्हणाले, स्वयंपाकघरातलं टेबल आहे की.

हे वाचलं आणि मी पुस्तक पालथं घातलं. तुझा तो जे. जे.चा फॉर्म आठवला. आजोबांनी तो नाकारलाही नव्हता ना? नुसता कपाटावर ठेवला होता, "बघू" म्हणून. मग आजी अंथरुणाला खिळली, मग आजोबा, आणि तू शाळेतून आल्यावर मागच्या पडवीत कंदिलाच्या काचेसारखा चेहरा करून बसायचीस, मांडीवर बोर्ड घेऊन. आम्हाला वाटायचं आत्या दमलीय. आता कळतंय की तू डोळे किलकिले करून परसातला काळोख मोजत होतीस.

गॅलरीत तिची चित्रं समोरून पाहिली तर पहिली गोष्ट म्हणजे ती लहान आहेत. गाडीत मावतील एवढीच. एकात संध्याकाळचा डांबरी रस्ता, ओला, त्यावर मोटारीच्या दिव्याचा एक पिवळट ठिपका आणि तारेचे दोन खांब. बस्स. जवळ गेलं की मोटार नाहीशीच होते, रंगाचे चार फटकारे राहतात, तेही इतके पातळ की खालचा बोर्ड जाणवतो. चार पावलं मागे आलं की रस्ता परत ओला. मी इतक्या वेळा मागेपुढे केलं की तिथला पहारेकरी जवळ येऊन उभा राहिला. आणि विषय बघ ना: ट्राम, विजेचे खांब, टॅक्सीचा थांबा. त्या काळात इथे निसर्गचित्र म्हणजे उन्हात न्हालेली कुरणं आणि निलगिरीची झाडं असा रिवाज, आणि ही डांबरी रस्ते रंगवतेय.

१९२३ पासून दहा वर्षं तिनं जवळजवळ दर वर्षी स्वतःचं प्रदर्शन मांडलं. चित्रं फारशी विकली गेली नाहीत. परदेशी ती कधीच गेली नाही. १९३४ मध्ये आई गेली. पुढच्या हिवाळ्यात ती वादळात समुद्र रंगवायला गेली, भिजली, न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत सँडरिंगहॅमच्या हॉस्पिटलात गेली. वय ४८. म्हातारे वडील मागे राहिले.

आणि आता ज्यासाठी एवढा कागद खर्च केला ते.

तिची चित्रं पुढे बहिणीकडे गेली. त्यातली जवळजवळ २००० बेनाला नावाच्या गावाजवळ, शेतावरच्या एका शेडमध्ये रचून ठेवलेली होती. बाजूंनी उघडी शेड. तीस-पस्तीस वर्षं ऊन, पाऊस, उंदीर आणि पॉसम. (पॉसम म्हणजे मांजराएवढा झाडावरचा प्राणी, आमच्याही छपरावर रात्री थयथयाट करतो.) बाईचं नाव लोक पार विसरले. १९७० मध्ये रोझालिंड हॉलिनरेक या गॅलरी चालवणाऱ्या बाईंना हिल्डा त्या शेडकडे घेऊन गेली. वाचवण्याजोगी निघाली ३६९. बाकीची कुजलेली, कुरतडलेली, एकमेकांना चिकटलेली. पुढच्या वर्षी हॉलिनरेकबाईंनी प्रदर्शन भरवलं, कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहासाठी त्यातून चित्रं घेतली गेली, आणि मग हळूहळू सगळ्यांचे डोळे उघडले. २०२१ मध्ये ॲडलेडच्या सरकारी गॅलरीत तिचं भलंमोठं प्रदर्शन झालं. पण मला ते ३६९ काही खुशीचे वाटत नाहीत. मी सारखी उरलेल्यांचा हिशेब करते.

२०२१ म्हटल्यावर तुला आपला पूरच आठवणार. माहितेय, तू काय म्हणशील ते. वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, कपाटं गेली, फोटो गेले, आणि माळ्यावर होती म्हणून तुझी पत्र्याची पेटी तेवढी वाचली, तेव्हा ती तिथेच बरी. अगं, पण त्या माळ्यावरची कौलं मागच्या मे महिन्यात वानरांनी फोडली, ती अजून पुरती शाकारली नाहीत असं बाबाच म्हणाले. आणि वाळवीला पूर लागत नाही. पेटीचं झाकणही एका बाजूनं वाकलंय, मी त्याच्यावर बसून गोष्टींची पुस्तकं वाचायची म्हणून. माझंच पाप.

तर एवढं कर. तू स्वतः शिडीवर चढायचं नाही, गुडघ्याची शपथ. बाबांना चढव. पेटी खालच्या खोलीत नको, जिन्यावरच्या खोलीतल्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा. कागद एकमेकांना चिकटले असतील तर आत्ता ओढू नका, दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की बघू. ऊन दाखवू नकोस, वॉटरकलर उडतात, पण हे मी तुला सांगायचं म्हणजे काय! सुटे निघतील त्यांचे फोटो काढून पाठवायला सांग, आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं जागा आणि वर्ष घाल. "त्यात काय आहे एवढं" हे वाक्य मी ऐकणार नाहीये. हिल्डालाही बहुधा तसंच वाटलं असेल.

दिवाळीत तीन आठवड्यांची रजा मागितलीय. मिळाली तर मी येतेच, नाहीतर संक्रांतीला. येताना चांगला कागद आणते, कुठला हवा ते कळव.

एक मात्र लगेच बघून सांग. गोवळकोटच्या धक्क्याचं ते पहाटेचं चित्र, तू इंटरमिजिएटच्या मुलांना दाखवायचीस ते. त्यात डाव्या बाजूला धुक्यात एक होडी होती ना? मला ती स्पष्ट आठवते. बाबा म्हणतात, होडीबिडी काही नव्हती, नुसताच डाग होता.

तुझी,
खोडरबरवाली भाची