अण्णांच्या स्टेंटबद्दल

पुणे, रविवार

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर मागून काकूंचा आवाज येत होता, म्हणून मी आवरतं घेतलं. त्यांच्यासमोर बोलण्यासारखं ते नव्हतंच. तू पाठवलेले अण्णांच्या रिपोर्टांचे फोटो नीट वाचले. मी काही डॉक्टर नाही, पण मामांच्या आजारपणात हे सगळं इतकं जवळून पाहिलंय की तुला निदान काय विचारायचं ते तरी सांगू शकेन.

आधी ते गावठी औषध बंद कर, काकूंना वाईट वाटलं तरी. चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतात, पाणी पिवळंधमक होतं आणि कावीळ ‘उतरली’ म्हणून घरदार खूश होतं. व्हायरसची कावीळ बहुतेक वेळा आपली आपणच उतरते आणि श्रेय त्या पाण्याला जातं. अण्णांची कावीळ त्या जातीची नाही. यकृत पित्त तयार करतंय, पण ते आतड्यात पोचायचा रस्ताच बंद झालाय. पित्तनलिका खाली उतरताना स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते, आणि गाठ नेमकी तिथे आहे. म्हणून लघवी काळसर, शौच पांढुरकं, आणि ती खाज.

खाजेला कमी लेखू नकोस. मामी मामांची नखं अगदी बारीक कापायच्या, तर मामा रात्री उठून कंगव्यानं तळपाय खाजवत बसायचे. अ‍ॅलर्जीच्या गोळीनं जरा गुंगी यायची, खाज तशीच. स्टेंट, म्हणजे पित्ताची वाट उघडी ठेवणारी बारीक नळी, बसल्यावर सगळ्यात आधी गेली ती खाज. डोळे पिवळेच होते, बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं मोजमाप) अजून दोन आकडी होतं, पण माणूस रात्रभर झोपला. घरात त्या सकाळी कुणीच मोठ्यानं बोलत नव्हतं, मामा उठतील म्हणून.

आता मुद्द्याचं. स्टेंट गाठीवर औषध नाही. त्यानं कॅन्सर कमी होत नाही, फक्त पित्ताला वाट मिळते. (आमच्याकडे निम्म्या नातेवाइकांना ते हार्टचं वाटलं होतं. एक आत्या तर अ‍ॅन्जिओग्राफीचा रिपोर्ट मागत होती.) म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचार की स्टेंटनंतर पुढे काय करायचंय. स्टेंट टाकायचा की नाही, आणि कुठला, ते त्यावर ठरतं.

लगेच ऑपरेशन होणार असेल तर पुष्कळदा स्टेंट न टाकलेलाच बरा. २०१० साली डच डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. स्वादुपिंडाच्या डोक्याच्या कॅन्सरमध्ये आधी स्टेंट टाकून मग ऑपरेशन केलेल्यांपैकी ७४ टक्के रुग्णांना गंभीर त्रास झाले, थेट ऑपरेशन केलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. मात्र त्यात प्लास्टिकचे स्टेंट होते, आणि साधारण साडेचौदाच्या वर बिलिरुबिन गेलेले रुग्ण घेतलेच नव्हते. अण्णांचं १८ आहे. शिवाय तुमचे डॉक्टर आधी केमो द्यायचं म्हणताहेत, आणि एवढ्या काविळीत बहुतेक केमो नीट देता येत नाही. म्हणजे अण्णांना स्टेंट लागणारच असं मला दिसतं. बिलिरुबिन खाली यायला काही आठवडे लागतात. दुसऱ्याच दिवशी आकडा नाही उतरला म्हणून हवालदिल होऊ नका.

करतात ते असं. तोंडातून दुर्बीण घालून जठराच्या पुढे, आतड्याच्या सुरुवातीला जातात. तिथे पित्तनलिकेचं बारीकसं तोंड असतं. त्यातून तार वर सरकवायची, रंग सोडून एक्स-रेवर अडथळा बघायचा आणि तारेवरून स्टेंट बसवायचा. याला ईआरसीपी म्हणतात. भूल देतात, अण्णांना काही कळणार नाही. धातूचा स्टेंट आत जाताना जेमतेम तीन मिलिमीटरच्या नळीत मिटलेला असतो, सोडल्यावर दहा मिलिमीटरपर्यंत उघडतो. डॉक्टरांनी मला मामांचा एक्स-रे दाखवला होता: दोन्ही टोकांना जाळी फुललेली आणि मधे, गाठीनं आवळलेली, डमरूसारखी कंबर. दोन दिवसांनंतरच्या फोटोत ती कंबरही सुटली होती.

पण तो मामांचा दुसरा स्टेंट. पहिला प्लास्टिकचा होता. तो स्वस्त पडतो, पण त्याचं भोक तीनेक मिलिमीटरचं, त्यात जंतूंचा थर आणि गाळ साचतो आणि साधारण तीन महिन्यांत तो तुंबतो, म्हणून आधीच बदलायचा असतो. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. त्या रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर स्टेंट कोणता, कधी बदलायचा, याचं एक अक्षर नव्हतं. मग एका रात्री मामांना हुडहुडी भरली, तीन गोधड्या घालूनही दात वाजत होते. तुंबलेल्या पित्तात जंतू झाले की ते रक्तात जायला वेळ लागत नाही. थंडी वाजून ताप आला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, तडक अ‍ॅडमिट. फ्रिजवर लिहून चिकटव.

अण्णांसाठी मी धातूचाच आग्रह धरीन. किंमत कितीतरी पट जास्त, पण तो पुष्कळ महिने टिकतो, आणि पुन्हा पुन्हा दुर्बीण घालण्याचा खर्च आणि हाल वाचतात. त्यातही एक मेख आहे. उघड्या जाळीचा स्टेंट गाठीत रुततो, मग काढता येत नाही, म्हणून तुकडा तपासून कॅन्सर पक्का झाल्याशिवाय तो टाकत नाहीत. आवरण असलेला काढता येतो, पण सरकू शकतो. ते डॉक्टरांना ठरवू दे. तू फक्त बायोप्सी आणि स्वादुपिंडाचा खास सीटी स्कॅन स्टेंटच्या आधी होतोय ना ते बघ. नंतर केला तर चित्र गढूळ येतं. आणि ईआरसीपीनंतर पोटात जोरात दुखलं तर ‘गॅस असेल’ म्हणून सोडू नका. काही जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते, ती लगेच बघावी लागते.

अण्णांना सांगायचं नाही असं तुम्ही ठरवलंय म्हणतोस. मला ते पटत नाही, बाळ्या. तीस वर्षं सातबारे वाचलेला तलाठी स्वतःचं डिस्चार्ज कार्ड वाचणार नाही? आणि संमतिपत्रावर सही त्यांनाच करायचीय. मामांनी मला एकदाच विचारलं, ‘पाईप टाकल्यावर गाठ जाते का रे?’ मी नाही म्हणालो. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘बरं, खाज तर जाईल.’ पुढे त्यांनी बँकेची कामं उरकली, मुलीला नागपूरहून बोलावून घेतलं, मेमध्ये रोज वाटीभर आमरस खाल्ला. मधुमेह होता, मामी ओरडायच्या. गणपतीच्या आधी गेले. ते काही महिने त्यांचे त्यांनी वापरले. अण्णांचं काय होईल ते मी कोण सांगणार, त्यांची केमो तर अजून सुरूही व्हायची आहे. पण ठरवू त्यांना दे.

आता येण्याचं. ईआरसीपीच्या दिवशी उपाशीपोटी राहायचं असतं, म्हणून आदल्या दिवशीच हुतात्मा एक्स्प्रेसनं या. सहकारनगरला आमच्याकडेच उतरायचं, तळमजला आहे, अण्णांना जिना चढायला नको. सीटीची सीडी आण, नुसता रिपोर्ट चालत नाही. अण्णा रक्त पातळ करायची गोळी घेतात ना? ती मनानं बंद करू नकोस, पण इथल्या डॉक्टरांना आजच फोन करून सांग. काविळीत रक्त गोठायला आधीच वेळ लागतो, त्यासाठी व्हिटॅमिन के देतात. शिधापत्रिका आणि आधार बरोबर ठेव. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत काय बसतं ते आपण रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाला, आरोग्यमित्राला, विचारू, त्या रांगेत मी उभा राहीन.

वहिनींना म्हणावं डबे बांधू नका, इथे सगळं आहे. शेंगाचटणी मात्र आण, पुण्यात मिळते ती चटणी नव्हे.

तुझाच,
दोस्त