साताऱ्याच्या मिस्त्रींना जाहीर आभारपत्र

आदरणीय मिस्त्री,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठेही छापू नये, असे आपण मला दोनदा बजावले आहे, म्हणून हे पत्र नावाशिवाय लिहीत आहे. ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे की, जुने मोटरहोम घेऊन लांबच्या प्रवासाला निघण्याची इच्छा धरणारी आमच्यासारखी आणखी माणसे आहेत, आणि आपण आमच्या गाडीवर जे काम केले ते नेमके काय होते, हे त्यांना कळायला हवे. "आपले फार उपकार झाले" एवढेच लिहिले तर त्या कामाचा मान राखला जाणार नाही.

मे २०२२ मधल्या एका दुपारी आम्ही उभयता ही गाडी पुण्याहून साताऱ्याला आणत होतो. बजाज टेम्पोची २००३ सालची ट्रॅव्हलर. कंपनीचे नाव फोर्स मोटर्स व्हायला तेव्हा अजून दोन वर्षे अवकाश होता. आधीच्या हौशी मालकांनी तिच्यावर फायबरचे उंच छत चढवून आत दोन बिछाने, ओटा, फ्रिज आणि पाण्याची टाकी बसवून घेतली होती, आणि नोंदणी पुस्तकातही तशी रीतसर नोंद होती. आयुष्यभर मी मुलांना भूगोल शिकवला; नकाशावर दाखवलेल्या नद्या एकदा डोळ्यांनी पाहाव्यात, यासाठी यजमानांच्या निवृत्तीच्या पैशांतला मोठा वाटा आम्ही या गाडीत घातला होता. खंबाटकीची चढण निम्मी झाली नाही तोच तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. थांबत, गाडी निववत, पाणी घालत आम्ही रात्री साडेनऊला आपल्या गॅरेजच्या दारात पोचलो. वाटेतल्या एका ढाबेवाल्याने आपला पत्ता दिला होता. आपण बॉनेटजवळ हात नेऊन पाहिला आणि म्हणालात, "बाई, आज झाकण उघडायचं न्हाई. रात्रभर गार होऊ द्या तिला." त्या रात्री आपल्या घरी आम्ही पिठलं-भाकरी जेवलो, ती चव अजून जिभेवर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण रेडिएटरला हात न लावता आधी थर्मोस्टॅटचे, म्हणजे तापमानानुसार पाण्याची वाट उघडबंद करणाऱ्या झडपेचे, हाउसिंग उघडले. ते रिकामे निघाले. गाडी तापत असेल तर थर्मोस्टॅट काढून टाका म्हणजे पाणी मोकळे फिरेल, हा सल्ला आम्हीही ऐकला होता, आणि तो ऐकताना पटतोही. परंतु या गाडीचे इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ या जुन्या डिझेल इंजिनावरून घेतलेले असून त्यात थर्मोस्टॅटला दोन कामे असतात, हे आपण मला पाना खाली ठेवून, जमिनीवर खडूने आकृती काढून समजावले. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो. पाणी सुमारे ८० अंशांवर गेले की ती वाट उघडतो, आणि त्याच वेळी पाणी परत इंजिनात नेणारी जवळची वाट, म्हणजे बायपास, बंद करतो. थर्मोस्टॅटच काढला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाताच पुन्हा इंजिनात शिरतो. सपाटीवर हे खपून जाते. घाटात इंजिनाला खरी गार पाण्याची गरज लागते तेव्हा खपत नाही. म्हणजे ज्या उपायाने गाडी थंड राहील असे कुणाला तरी वाटले होते, त्यानेच ती तापत होती. फळ्यावर याहून सोपे मला स्वतःला शिकवता आले नसते.

नवा थर्मोस्टॅट आल्यावर तोही आपण तसाच बसवला नाही. आमच्याच ओट्यावरच्या शेगडीवर पातेल्यात पाणी तापवून त्यात तो दोऱ्याने सोडला आणि मला तापमापक धरायला सांगितला. पहिला ९० अंशांपर्यंत जागचा हलला नाही, म्हणून आपण तो परत पाठवला. दुसरा ८० च्या आसपास हळूहळू उघडला, तेव्हा आपल्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले त्यावरून मला कळले की गाडी योग्य हातांत आली आहे.

ती शेगडी पेटवण्याआधी आपण सिलिंडरचा कप्पा उघडून पाहिला होता, हेही मला येथे लिहिलेच पाहिजे. कप्प्याच्या तळाशी असलेले भोक धूळ आत येऊ नये म्हणून कुणीतरी चिकटपट्टीने बंद केले होते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर न जाता खाली साचतो, आणि ते भोक त्याला गाडीबाहेर जाण्यासाठीच ठेवलेले असते. आपण चिकटपट्टी काढली, भोकाला बारीक जाळी लावली, प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिले, आणि मगच काडी ओढली. या कामाबद्दल आम्ही आपल्याला काही सांगितलेही नव्हते.

मात्र ज्या कामासाठी मी आपली जन्मभर ऋणी राहीन, ते विजेचे आहे. फ्रिज रात्री बंद पडतो, एवढीच आमची तक्रार होती, आणि बॅटरी बदलून घ्यावी असे आमच्या मनात होते. आपण आधी मीटर लावून बॅटरीपाशी आणि फ्रिजपाशी किती व्होल्ट मिळतात ते मोजले. बॅटरी ठीक होती. दाब वाटेतच गळत होता. मग आपण बिछान्याखालची प्लायची फळी काढायला लावली. तिच्या मागे बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत घरातल्या दिव्यापंख्याला वापरतात तसली बारीक वायर ओढलेली होती, तिचे आवरण जागोजागी तपकिरी पडून कडक झाले होते आणि त्याला टेकूनच पडद्याचे कापड होते. १,००० वॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टच्या बॅटरीतून ८० अँपिअरहून जास्त प्रवाह ओढतो, हे आपण मला भागाकार करून दाखवलेत. एवढा प्रवाह त्या वायरीतून गेला की ती शेगडीच्या तारेसारखी तापणार. वाटेत कुठेही फ्यूज नव्हता. आपण सगळी वायर काढून २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर १०० अँपिअरचा फ्यूज बसवला, आणि अर्थिंगची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासून मग नट आवळला. फ्यूज बॅटरीला लागूनच का हवा, असे मी विचारले, तेव्हा फ्यूजच्या अलीकडे जेवढी वायर उरते तेवढी राखणीशिवाय राहते, असे आपण सांगितलेत. ज्या बिछान्यावर मी झोपते, त्याच्याच खाली ती वायर होती. हे लिहितानाही माझा हात थांबतो.

छताची गळती आपण जोड उकलून पुन्हा सील केलीत आणि कुजलेल्या तळाच्या जागी पाण्याला टिकणारा ७१० प्लाय टाकलात. डिझेलच्या टाकीत साचलेले पाणी आणि गंज काढून, फिल्टर बदलून, लाइनमधली एअर काढून दिलीत. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे रिकाम्या जागेतल्या दमट हवेचे पाणी धरणार नाही, हा आपला सल्ला आम्ही दरवर्षी पाळतो. टायरवरचे चार आकडे वाचायलाही आपणच शिकवलेत: १११३ म्हणजे २०१३ सालचा अकरावा आठवडा. नक्षी खोल होती म्हणून आम्ही त्या टायरांवर निश्चिंत होतो, पण बाजूच्या रबराला भेगा पडल्या होत्या.

वजनाच्या बाबतीत आपले आणि यजमानांचे थोडे वाजले होते. गाडी मागून बसते म्हणून पाट्यांत, म्हणजे चाकांवरच्या पोलादी स्प्रिंगांत, एक जादा पाटा घालावा, असा त्यांचा आग्रह होता आणि आपण त्याला साफ नकार दिलात. त्याऐवजी पाण्याची टाकी भरून, भांडीकुंडी, अंथरुणे, सगळा संसार चढवून आपण आम्हाला वजनकाट्यावर पाठवलेत, आणि आधी नुसती पुढची चाके, मग नुसती मागची चाके काट्यावर उभी करून दोन्ही आकडे लिहून आणायला सांगितलेत. नोंदणी पुस्तकातल्या कमाल वजनापेक्षा गाडी १८० किलोने जड भरली आणि तो भार बहुतेक सगळा मागच्या ॲक्सलवर होता. १२० लिटरची टाकी मागच्या ॲक्सलच्याही मागे होती. म्हणजे १२० किलो शेपटाला लटकत होते आणि पुढची चाके उचलत होते. पाटा वाढवला की गाडी सरळ उभी दिसते, पण ॲक्सल, टायर आणि ब्रेक यांच्यावरचा भार एका किलोनेही कमी होत नाही, हे आपले म्हणणे यजमानांना काट्याची चिठ्ठी पाहिल्यावर पटले. बॅटऱ्या आणि हत्यारांची पेटी आपण दोन ॲक्सलच्या मध्ये आणलीत, आणि आम्ही प्रवासात टाकी निम्मीच भरू लागलो. लोखंडी पलंगाचे सांगाडे, दुसरा सिलिंडर आणि माझी पुस्तकांची एक पेटी घरी राहिली. पुस्तकांचे मला वाईट वाटले, पण आपण म्हणालात ते योग्य होते.

२०२३ मध्ये नोंदणीचे नूतनीकरण करायचे होते. पंधरा वर्षे उलटल्यावर ते दर पाच वर्षांनी करावे लागते. त्या तपासणीला आपण स्वतः बरोबर आलात, दिवसभराची मजुरी बुडवून.

त्याच वर्षी डिसेंबरात आम्ही कन्याकुमारीला निघालो. बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग करत बंगळूर, आणि तेथून पुढे श्रीनगर ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ४४. धर्मपुरीहून सेलमकडे जाताना तोप्पूरचा घाट लागतो. उतार सरळसोट दिसतो, म्हणून गाड्या वेग धरतात आणि पुढे ब्रेक त्यांना ऐकत नाहीत. निघण्याआधी आपण ब्रेक ऑइल पूर्ण बदलले होते; हे तेल हवेतला ओलावा शोषते आणि मग तापलेल्या ब्रेकमध्ये त्यातल्या पाण्याची वाफ होऊन पेडल पोकळ जाते, असे आपण सांगितले होते. ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा आपला नियम यजमानांनी त्या घाटात मोडला नाही. मागचे ट्रक हॉर्न देत राहिले आणि आम्ही तिसऱ्यातून दुसऱ्यात येऊन, ब्रेकवर पाय न रोवता, अधूनमधून दाबून सोडत खाली उतरलो. पायथ्याशी उतरून मी चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. ऊन होती, पण जळका वास कुठेच नव्हता. मी तेथूनच आपल्याला फोन केला आणि आपण काहीही न विचारता म्हणालात, "आता इंजिन लगेच बंद करू नका, दोन मिनिटं चालू ठेवा."

एकवीस दिवस आणि सुमारे ३,४०० किलोमीटर गाडी चालली. जाताना तुंगभद्रा आणि वैगई पाहिल्या, परतताना वाकडी वाट करून कावेरी श्रीरंगपट्टणापाशी पाहिली. पूर्वी मुलांना मी तिची दोन पात्रे फळ्यावर काढून दाखवत असे. खंबाटकीलाही आता काटा मध्यावरून हलत नाही.

कामाचे बिल आपण शाळेच्या वहीच्या कागदावर लिहून दिले होते. त्यात सुट्या भागांच्या पावत्या जोडलेल्या होत्या, काढलेले जुने भाग एका पोत्यात भरून आमच्या हवाली केलेले होते, आणि थर्मोस्टॅटच्या परीक्षेची, गॅसच्या कप्प्याची व आरटीओत गेलेल्या दिवसाची मजुरी लिहिलेलीच नव्हती. मी ती द्यायला लागले तेव्हा आपण रागावलात. ती रक्कम मी अजून बाजूला ठेवलेली आहे, आणि आपल्या गॅरेजात काम शिकणाऱ्या दोन मुलांना चांगला मीटर आणि पान्यांचा संच घेऊन देण्याची परवानगी आपण द्यावी, अशी या पत्रातून विनंती करते.

येत्या रविवारी गाडी टॅपेट सेटिंगसाठी, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट नीट करून घेण्यासाठी, घेऊन येते. डावीकडे वळताना पुढच्या बाजूने एक बारीक टकटक ऐकू येऊ लागली आहे. गती किती, रस्ता कसा, गाडी भरलेली की रिकामी, हे सगळे आपण सांगितल्याप्रमाणे वहीत लिहून ठेवले आहे. येताना वहिनींसाठी कंदी पेढे आणीन.

आपली नम्र,
ट्रॅव्हलरवाल्या बाई,
सातारा