महिलांच्या १०० मीटरच्या निकालात वाऱ्याचा वेग छापा

संपादक महोदय,

जागतिक किंवा ऑलिंपिक स्पर्धेतील महिलांच्या १०० मीटर शर्यतीचा निकाल वृत्तपत्रात येतो तो नाव, देश आणि वेळ एवढाच. वाऱ्याचा वेग नसतो. अधिकृत निकालपत्रकात तो शर्यतीच्या नावाशेजारीच दिलेला असतो, छापताना गळतो. एक चिन्ह (अधिक म्हणजे वारा पाठीमागून, उणे म्हणजे समोरून) आणि दोन अंक यांची जागा वाचते, पण वेळेचा अर्थ लावण्याची सोय जाते.

१०.५४ सेकंद हा आकडा पाहा. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत अमेरिकेची फ्लॉरेन्स ग्रिफिथ-जॉयनर १०.५४ मध्ये धावली. २१ ऑगस्ट २०२१ रोजी अमेरिकेतील युजीनमध्ये जमैकाच्या इलेन थॉम्पसन-हेराहनेही १०.५४ चीच वेळ दिली. सोलमध्ये पाठीमागून सेकंदाला ३.० मीटर वारा होता, युजीनमध्ये ०.९. विक्रमासाठी मर्यादा २.० ची आहे. त्यामुळे सोलचे सुवर्णपदक पक्के, पण ती वेळ विक्रम म्हणून धरली गेली नाही. ऑलिंपिक विक्रम राहिला तो तिनेच आधीच्या फेरीत नोंदवलेल्या १०.६२ चा. तो मोडायला २०२१ चे टोकियो उजाडावे लागले, थॉम्पसन-हेराहने १०.६१ ची वेळ दिली, तीही समोरून ०.६ चा वारा असताना. वारा वगळून वाचले तर टोकियोची धाव सोलच्या अंतिम धावेपेक्षा हळू वाटते. वारा धरून वाचले तर तीच सरस ठरते. पाठीमागून २ मीटरचा वारा मिळाला तर साधारण एक दशांश सेकंद वाचतो, आणि तेवढाच वारा समोरून आला तर त्याहून थोडे जास्त नुकसान होते. या पातळीवर एक दशांश म्हणजे सुवर्णपदक आणि रिकामे हात यांतले अंतर.

हा वारा मोजतात कसा, हेही सांगायला हवे. मापक अंतिम रेषेपासून ५० मीटरवर, पहिल्या लेनपासून २ मीटरच्या आत आणि जमिनीपासून १.२२ मीटर उंचीवर ठेवतात. पिस्तूल झाडल्यापासून १० सेकंद मोजणी चालते. २०० मीटरमध्ये मोजणी सुरू होते ती पहिली धावपटू वळणावरून सरळ पट्ट्यात शिरताना, कारण वळणावर धावण्याची दिशा सतत बदलत असते. हाती आलेला आकडा नेहमी अधिक बाजूकडच्या पुढच्या दशांशाला नेतात, म्हणजे २.०३ आला तर तो २.१ होतो आणि विक्रम जातो.

मापक एकच असल्याने वादही होतात. १६ जुलै १९८८ रोजी इंडियानापोलिसला ग्रिफिथ-जॉयनरने १०.४९ चा विश्वविक्रम केला, तेव्हा त्या शर्यतीच्या मापकाने शून्य वारा दाखवला. शेजारी सुरू असलेल्या तिहेरी उडीच्या मापकावर मात्र त्याच सुमारास ४.३ ची नोंद झाली होती. विक्रम आजही यादीत आहे. त्याचा उल्लेख करताना ही दोन वाक्ये जोडली, तर आजच्या मुली या आकड्याच्या जवळ का जात नाहीत, असा प्रश्न विचारण्यापूर्वी वाचक थांबेल.

पदक ठरवताना वाऱ्याचा संबंध नसतो, कारण अंतिम फेरीत सगळ्या एकाच वाऱ्यात धावतात. उपांत्य फेरीत तसे नसते. नेहमीच्या रचनेत तीन उपांत्य शर्यती होतात. प्रत्येकीतील पहिल्या दोघी आणि उरलेल्यांतून वेळेवर दोघी अंतिम फेरीत जातात. या शेवटच्या दोन जागांसाठी वेगवेगळ्या वाऱ्यात धावलेल्यांच्या वेळांची थेट तुलना होते, आणि वाऱ्याचा फरक वजा करून वेळ दुरुस्त करण्याची तरतूद नाही. म्हणून 'उपांत्य फेरीत घसरण' असा मथळा देण्यापूर्वी तिन्ही शर्यतींचा वारा पाहावा. बुडापेस्टला २०२३ मध्ये शकॅरी रिचर्डसन उपांत्य शर्यतीत तिसरी आली, वेळेवर आत गेली, तिला अगदी बाहेरची नववी लेन मिळाली आणि तिथून तिने १०.६५ मध्ये सुवर्ण जिंकले.

दुसरी चूक भाषेची आहे, पण ती शर्यतीचे शास्त्रच उलटे करते. 'शेवटच्या वीस मीटरमध्ये वेग वाढवून तिने बाजी मारली' हे वाक्य जवळपास दर स्पर्धेत वाचायला मिळते. १०० मीटरमध्ये असे होत नाही. अव्वल महिला धावपटू साधारण ५० ते ६० मीटरच्या टप्प्यात सर्वोच्च वेग गाठते. तो काही मीटरच टिकतो, मग सगळ्यांचाच उतरू लागतो. शेवटी पुढे निघालेली दिसते ती वेग वाढवणारी नसते. तिचा वेग इतरांपेक्षा कमी उतरलेला असतो. त्यामागे वर्षानुवर्षे केलेली मेहनत असते: खांदे आणि जबडा सैल ठेवणे, पाऊल शरीराच्या फार पुढे न टाकणे. दमलेली धावपटू ढांग लांबवायला जाते, पाय पुढे पडतो, तो ब्रेकसारखा लागतो आणि ती आणखी हळू होते. 'वेग टिकवून' हे दोन शब्द पुरेसे आहेत.

समान वेळेबद्दलही वाचकाचा गोंधळ होतो. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये गेल डेव्हर्स आणि मर्लिन ओटी दोघींची वेळ १०.९४, तरी सुवर्ण डेव्हर्सला आणि रौप्य ओटीला. २००८ च्या बीजिंगमध्ये शेरॉन सिम्पसन आणि केरॉन स्टुअर्ट दोघींची वेळ १०.९८, आणि दोघींनाही रौप्य. कांस्य दिलेच नाही. फोटो फिनिशची, म्हणजे अंतिम रेषेवरच्या कॅमेऱ्याची, प्रतिमा सहस्रांश सेकंदापर्यंत वाचतात, पण जाहीर होणारी वेळ पुढच्या शतांशाला नेतात. १०.७११ असो की १०.७२०, छापून येते १०.७२. क्रम मात्र प्रतिमेवरून ठरतो, आणि धरतात ते फक्त धड; डोके, मान, हात, पाय नव्हेत. प्रतिमेतही धड वेगळे काढता आले नाही, तरच पदक वाटून देतात. टोकियोला शेरिका जॅक्सन २०० मीटरच्या प्राथमिक शर्यतीत शेवटी सैल पडली आणि २३.२६ या समान वेळेवर सहस्रांशाने बाहेर गेली.

फॉल्स स्टार्टबद्दल, म्हणजे नियमापेक्षा आधी सुटण्याबद्दल, थोडक्यात. २०१० पासून पहिल्याच चुकीला बाद करतात. पिस्तुलाच्या आवाजानंतर ०.१०० सेकंदाच्या आत ब्लॉकवर (सुरुवातीला पाय टेकवण्याच्या आधारावर) दाब पडला, तर तो फॉल्स स्टार्ट. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत ज्युलियन आल्फ्रेड उपांत्य फेरीत अशीच बाद झाली होती. ती आवाजानंतरच हललेली असल्याने तिला 'उतावळी' म्हणणे अन्यायाचे आहे.

विनंती एवढीच, की निकालाची ओळ पुढीलप्रमाणे छापावी. तिला एका स्तंभातही सहज जागा होते:

महिला १०० मीटर, अंतिम, पॅरिस २०२४ (वारा -०.१): १. ज्युलियन आल्फ्रेड, सेंट ल्युसिया, १०.७२, २. शकॅरी रिचर्डसन, अमेरिका, १०.८७, ३. मेलिसा जेफरसन, अमेरिका, १०.९२.

आपला,
ॲथलेटिक्सचा एक तांत्रिक पंच